वरून न दिसलेलं घर

एका गावाच्या विकास आराखड्याच्या अहवालात मीच लिहिलं होतं, ‘नवे रस्ते करताना जुनी घरबांधणी जपावी.’ वाक्य मला भारी आवडलं होतं. गाव मात्र मी पाहिलंच नव्हतं. पुण्यात बसून उपग्रहाच्या नकाशावर रस्ते आखले होते. शेवटी मे महिन्यात माझीच मला लाज वाटली आणि निघालो.

पुण्याहून एसटीने बीड सहा-सात तास. मुक्काम तिथेच करा. सकाळी कपिलधार बघा. उन्हाळ्यात धबधबा नसतो, पण सावली मिळते. मग वडवणीची गाडी पकडा, तासाभराचा रस्ता. पुढे काळीपिवळी जीपने मी त्या गावात उतरलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

नकाशात मोकळी जागा समजून मी जिथे बारा मीटरचा रस्ता काढला होता, तिथे एक माणूस घराच्या छतावर पांढरी माती पसरत होता. किसनभाऊ. शेळ्या राखतात, थोडं रानही आहे. माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या घराला पावसाआधी मातीचा असा थर द्यावाच लागतो. मी शिडीने वर गेलो आणि आजूबाजूला पाहिलं. शेजारची पाचही छतं तसलीच, मातीची. नकाशात ती मला उघडं रान वाटली होती.

बाहेर अंग भाजत होतं, आत छान गारवा. त्यांच्या पत्नी मंदाताईंनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. जेवता जेवता खरं ते सांगून टाकलं.

“म्हंजी आमचं घर कागदावर न्हाईच?” किसनभाऊंनी विचारलं. “आमी चार पिढ्या हितंच हाव. कावून दिसलो न्हाई?”

“छत मातीचं आहे ना. वरून जमीनच वाटते.”

“मग खाली येऊन बघायचं की,” मंदाताई म्हणाल्या.

मी रस्ता बदलायचा शब्द दिला. किसनभाऊ हातावरची माती चोळत राहिले.

पुण्यात आल्यावर पहिलं काम तेच केलं. नकाशावर ती सहा घरं दाखवली, रस्ता गल्लीबाहेरून वळवला. आमच्या साहेबांनी कुरकुर केली, पण मानलं. मला बरं वाटलं. मोठं काहीतरी वाचवल्यासारखं.

पंधरा दिवसांनी किसनभाऊंनी मोबाइलवर फोटो पाठवला. माळवद पाडलेलं, त्या जागी निळे पत्रे. सोबत त्यांचा आवाज होता, “साहेब, आता वरून दिसतंय का बघा.”

रस्ता वळवल्याचं मी त्यांना कळवलंच नव्हतं. आराखडा मंजूर झाला की सांगू, म्हणून थांबलो होतो.