शिवणाच्या बाई आणि बारा संगणक

माझी आत्या शाळेत शिवण शिकवायची. एकोणीस वर्षं शिकवलं. मग एका वर्षी सुट्टीनंतर शाळा उघडली, तर शिवणाचा तास वेळापत्रकातून गायब आणि शिवणाच्या खोलीवर 'संगणक कक्ष' अशी पाटी. खोलीतली कपाटं, पंखा आणि आत्या असं सगळं सामान जागच्या जागी नव्या खात्यात वर्ग झालं होतं.

"बाई, तुम्हाला या खोलीची सवय आहे," मुख्याध्यापक म्हणाले. नेमणुकीला एवढी पात्रता पुरली.

संगणकावर धूळ बसू द्यायची नसते, यापलीकडे आत्याला त्यातलं काही कळत नव्हतं. तिने बारा संगणकांसाठी झालरीची बारा कव्हरं शिवली. त्या महिन्यात संगणक कक्षात झालेलं ते एकमेव काम.

पुढे कक्षाच्या उद्घाटनाला खात्याचे मोठे साहेब येणार असं ठरलं आणि शाळेला अचानक विज्ञानाचं प्रेम आलं. पन्नास मुलांनी इंटरनेटवरून 'शोध आणि संशोधक' असा प्रकल्प करायचा होता. मुख्याध्यापकांनी फळ्यावर पद्धत लिहून दिली: नाव, साल, फोटो.

"तीनच ओळी. चौथी पडद्यावर मावत नाही."

मुलं गुणी होती. दोन तासांत त्यांनी मानवजातीची सगळी हुशारी उचलून डकवली. टेलिफोनच्या पानावर बुटांची जाहिरातही आली. बॉलपेनच्या माहितीखाली 'आवडल्यास मित्रांना पाठवा' असं होतं. स्टेपलरखाली ज्याचा फोटो लागला, तो माणूस विमानाशेजारी उभा होता. मुख्याध्यापकांनी सगळ्यांवर बरोबरची खूण केली.

अडलं ते एकाच पोरीचं. वर्गात तिला सगळे 'प्रश्नपत्रिका' म्हणायचे, कारण ती तोंड उघडायची ते काहीतरी विचारायलाच. तिच्या वाट्याला शिलाई मशीन आलं होतं.

"सर, एका पानावर एक नाव आहे, दुसऱ्यावर दुसरंच. कोणतं लिहू?"

"जे पहिलं येतं ते बरोबर असतं," मुख्याध्यापक म्हणाले. "म्हणून तर ते पहिलं येतं."

इतकं सोपं उत्तर मिळूनही पोरीचं समाधान होईना. ती आत्याकडे आली. "बाई, तुम्ही तर मशीन चालवायचात. कोणी शोधलं?"

आत्या मला नंतर म्हणाली, "अगं, एकोणीस वर्षं ज्याच्यावर पाय मारले, त्याला जन्माला कोणी घातलं हे मी कधी विचारलंच नव्हतं. लाज वाटली."

मग मधल्या सुट्टीत दोघी एका संगणकापुढे बसायला लागल्या. पहिल्या दिवशी आत्याने माऊस कात्रीसारखा उचलून हवेत धरला. पोरीने तिचा हात धरून तो टेबलावर ठेवला. "बाई, खालीच ठेवायचा. कापड सरकवतात तसा सरकवायचा."

चार दिवस वाचन चाललं. एकाने म्हणे मशीनचं चित्र काढून ठेवलं, पण त्या मशीनने कधी टाका घातला की नाही ते कोणालाच ठाऊक नाही. दुसऱ्याची मशीनं शिंप्यांनीच फोडली, पोटावर पाय येईल म्हणून. आणखी दोघं कोर्टात भांडत बसले आणि त्या भांडणात तिसऱ्याचंच नाव निघालं. पाच नावं झाली.

"पण बाई," पोरगी म्हणाली, "यांनी नक्की शोधलं काय? शिवणं तर आधीपासून होतंच ना?"

हे मात्र इंटरनेटला विचारायची गरज नव्हती. आत्या उठली आणि अडगळीच्या खोलीत गेली. तिचं जुनं मशीन जिल्हा स्पर्धेच्या कोऱ्या प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यांखाली होतं. दोघींनी ते ओढत आणलं. आत्याने दोन सुया तळहातावर ठेवल्या, एक हाताने शिवायची, एक मशीनची.

"नेढं बघ. कुठे आहे?"

"हिचं मागे. आणि हिचं... टोकाला!"

"मागे असतं तर अख्खी सुई कापडातून आरपार काढावी लागली असती. टोकाला आहे म्हणून ती नुसती खाली डोकावते, दोरा देते आणि परत वर येते."

"देते कोणाला?"

आत्याने पट्टी सरकवून चाक हाताने हळूहळू फिरवलं. वरच्या दोऱ्याचा फास झाला, खालच्या दोऱ्याने त्यात मुंडी घातली, टाका बसला. एव्हाना मशीनभोवती वीस-पंचवीस डोकी जमली होती. सुट्टी संपल्याची घंटा झाली ती कोणी ऐकली नाही. शाळेच्या शिस्तीला हा मोठाच धक्का होता.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी ते पान पाहिलं. पाच नावं आणि खाली 'एकट्या कोणाचं म्हणता येत नाही'.

"बाई! साहेबांसमोर शाळेला नक्की माहीत नाही असं सांगायचं?"

त्यांनी चार नावं खोडली. पाचवं ठेवलं, कारण त्याच्या फोटोतली दाढी भारदस्त होती.

दुसऱ्या दिवशी पोरगी बोलायला उभी राहिली आणि पडद्यावर ती दाढी आली. पोरीने आत्याकडे पाहिलं.

"मी मान खाली घातली," आत्याने मला सांगितलं. "मला माझी उरलेली सहा वर्षांची नोकरी दिसत होती."

पोरीला नोकरी नव्हती. ती म्हणाली, "हे अर्धंच आहे," आणि कंपासपेटीतून दोन सुया काढून थेट साहेबांपुढे गेली. साहेब मोबाइलमध्ये देशाचं काहीतरी महत्त्वाचं काम करत होते, सोबत त्याचं संगीतही ऐकू येत होतं. त्यांनी मोबाइल खिशात टाकला, चष्मा कपाळावर चढवला आणि सुया उजेडाकडे धरल्या. बराच वेळ धरल्या.

"मग नाव कोणाचं लिहायचं?"

"सगळ्यांची. जागा पुरली नाही तर अक्षर बारीक करायचं."

साहेब मोठ्याने हसले. मुख्याध्यापक त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसले. शेरेबुकात साहेबांनी लिहिलं, 'मुख्याध्यापकांचा उपक्रम स्तुत्य.' तो शेरा चौकटीत बसवून कार्यालयात लागला. आपण पहिल्यापासून याच मताचे होतो, हे मुख्याध्यापकांना त्याच आठवड्यात आठवलं आणि दर गुरुवारी 'शोध तास' सुरू झाला. आत्याने नियम घातला की दोन पानं जुळेपर्यंत लिहायचं नाही आणि जमेल ती वस्तू उघडून बघायची. त्यात दोन छत्र्या, एक स्टेपलर आणि शिपायाचं कुलूप कामी आलं. कुलूप परत जोडता आलं, पण मग ते कोणत्याही किल्लीने उघडायला लागलं. शिपाई आठवडाभर आत्याशी बोलला नाही.

सहा वर्षांनी आत्या निवृत्त झाली. निरोपाच्या भाषणात मुख्याध्यापकांनी कव्हरांच्या झालरीचं मनापासून कौतुक केलं. आत्या हात जोडून ऐकत होती, मागच्या रांगेतली पोरं मात्र खाकरत होती.

आता मुलं तिला फोनवरच गाठतात. मी परवा गेले, तेव्हा ती चष्मा पुसत मोबाइलसमोर बसली होती. एका चौथीतल्या पोराने विचारलं होतं, घरचा अभ्यास कोणी शोधून काढला? प्रश्नामागचा हेतू चांगला दिसत नव्हता.

"सापडला का?" मी विचारलं.

"नाव सगळीकडे एकच आहे गं," ती म्हणाली. "सगळ्यांनी एकमेकांचंच उतरवलेलं. त्या नावाचा माणूस मात्र कुठे सापडत नाही. दोन पानं जुळली की लिहायचं, हा माझा नियम आता बदलायला हवा."