डिकीतली दुसरी बॅटरी

विक्रोळीच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर एक टॅक्सीवाला राहायचा. कमी बोलायचा आणि बोललाच तर समोरच्याच्या डोळ्यांत बघून. टॅक्सीवर मात्र जीव. कुणी नुसतं टेकलं तरी घरातून ओरडायचा, "ए, रंग जाईल!"

त्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या गाण्यांसाठी त्यानं चाळीच्या मीटरवरून वीज मागितली. सेक्रेटरी म्हणाले, "मीटर सगळ्यांचा आहे."

"गणपतीत कुणाचा असतो?"

सेक्रेटरी पाठ फिरवून निघून गेले. वीज दिलीच नाही.

जयंतीच्या सकाळी त्यानं टॅक्सीच्या डिकीत दुसरी बॅटरी बसवली, अ‍ॅम्प्लिफायर जोडला, टपावर भोंगे बांधले. बटण दाबलं तर नुसती खरखर. वर गॅलरीत सेक्रेटरी हसले.

तो डिकीत वाकला. बॅटरीची अर्थची वायर त्यानं रंगावरच बोल्टनं आवळली होती. त्यानं काचपेपर घेतला आणि तिथला रंग घासायला लागला.

"अरे, रंग जातोय," मी म्हटलं.

"जाऊ दे. वायरला उघडा पत्रा लागतो."

पत्रा चकाकेपर्यंत त्यानं घासलं, वायर पुन्हा आवळली आणि बटण दाबलं. गाणं अख्ख्या चाळीत घुमलं.

सेक्रेटरी तावातावानं खाली आले. "बंद कर ते!"

"बॅटरी माझी, गाडी माझी. संध्याकाळपर्यंत वाजणार."

ते पाय आपटत वर गेले. त्यानं आवाज वाढवला नाही, कमीही केला नाही. टॅक्सीशेजारी खुर्ची टाकून बसला. थोड्या वेळानं मीही घरातून माझी खुर्ची आणली आणि गॅलरीतल्या सगळ्यांना दिसेल अशी त्याच्या शेजारी मांडली.