विमानाची खंडेनवमी

पहिल्या महायुद्धातलं, एकावर एक पंख असलेलं विमान मी टेबलावर मावेल एवढं बनवलं होतं. गुलबर्ग्याच्या ज्या कॉलेजातून मी घराण्यातला पहिला पदवीधर झालो, तिथल्या प्रदर्शनात दसरा झाला की ते मांडायचं होतं. दोन पंखांमधल्या तारा म्हणून केसाएवढा नायलॉनचा धागा चिमट्यानं ताणून चिकटवताना पावसाळा गेला.

खंडेनवमीला घरमालक स्कूटर, मिक्सर, इस्त्री, दिसेल त्याला कुंकू लावत माझ्या खोलीत शिरले.

"अण्णा, ह्याला नका. हे उडत न्हाई."

"उडत न्हाई? मग तर पूजा लागतीच की!"

मी अडवेपर्यंत चाकाखाली लिंबू गेलं आणि वरच्या पंखावर झेंडूचा भलामोठा हार पडला. तारा पटापट सुटल्या आणि तो पंख पुढं घसरून लिंबावर आडवा झाला.

मालकांनी हात जोडले. "लिंबू होतं म्हून वाचलं बघ. न्हाईतर टेबलाला आपटलं असतं."

असल्या भक्तीपुढं पदवीचं काय चालतंय? पुन्हा तारा ओढायला वेळ नव्हता. प्रदर्शनात मी ते हारालिंबासकट मांडलं आणि पुढं पाटी लावली: हे विमान शत्रूनं पाडलेलं नाही.