वर न येणारी बस

हे बर्फात बसले ते उठेचनात. उताराच्या मधोमध, रस्त्याच्या कडेला, भिंतीला पाठ लावून. ओठ निळे पडले होते. मी काखेत हात घालून ओढलं, तर मीच घसरून त्यांच्या अंगावर पडले. ज्या बसनं आम्हाला खाली सोडलं होतं ती केव्हाच वळून निघून गेली होती.

“अहो, उठा. असे बसू नका.”

“जरा थांब गं. दम घेतो.”

नवऱ्याचा तो आवाज मी ओळखला. माझ्या सासऱ्यांचा शेवटी असाच येत होता.

शेजारीण आमच्याबरोबर होती. माझ्याच वयाची जपानी बाई, एकटी राहणारी. ती आमच्यावर छत्री धरून उभी होती आणि सारखी वाकून माफी मागत होती, कुणाची कोण जाणे. मी खुणेनं सांगितलं, फोन कर, गाडी बोलाव. ती म्हणाली, “दाइजोबु, दाइजोबु.” म्हणजे ठीक आहे, होईल बरं. भोंगा वाजवत गाडी आली तर गल्लीला त्रास होईल, अशी तिला धास्ती. इथे माणूस चाललाय आणि हिला गल्लीची पडलीय. मग मी ओरडले. मराठीतच ओरडले, “अरे, मेलात का सगळे? या की कुणीतरी बाहेर!”

एक दार उघडलं. बर्फ काढायचं फावडं हातात घेऊन एक माणूस धावत आला. फोन त्यानं केला.

आम्ही जपानात, सेंदाई शहरातल्या एका टेकडीवर राहतो. मुलगा विद्यापीठात संशोधन करतो, सून एका कंपनीत आहे. नात झाली म्हणून आम्हाला बोलावून घेतलं. मोठा भूकंप झाला तो आम्ही येण्याआधी. त्यात टेकडीवरचा रस्ता खचला आणि वर येणारी बस खालच्या थांब्यावरूनच परत फिरायला लागली. पुढे रस्ता दुरुस्त झाला, पहिल्यापेक्षा चांगला झाला. बस मात्र वर आलीच नाही. ह्यांचा दवाखाना मेट्रो स्टेशनपाशी. हृदयाचं दुखणं, दर आठवड्याला जावं लागे. जाताना ठीक होतं, परत येताना हे दर खांबाला टेकत. मुलगा म्हणे टॅक्सी करा. पण बर्फ पडला की टॅक्सीवालेही वर यायला नाही म्हणत.

मला घरात बसवत नसे. खिडकीशी जायचं, उतार बघायचा, परत ओट्याशी. सून म्हणे, “आई, किती फेऱ्या मारता? दमाल.” दमायला काम कुठे होतं? डोक्यात एकच, हे पुढच्या आठवड्यात चढतील कसे.

हिवाळा लागायच्या आधी महापालिकेची माणसं वस्तीच्या सभागृहात आली. बसच्या अडचणी सांगा म्हणाली. बूट बाहेर, घडीच्या खुर्च्या, प्रत्येकाला चहाची बाटली. भिंतीवर नकाशा, त्याच्यापुढे काळ्या कोटातला साहेब. त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं, कुणाला काही अडचण आहे का? सगळे मांडीवर हात ठेवून खाली बघत बसले. माझ्या शेजारणीला भाजीची पिशवी घेऊन चढताना रडलेलं मी पाहिलं होतं. ती हसून म्हणाली, पायांना व्यायाम होतो.

मी उभी राहिले. मी चौथी शिकलेली, मला आडवळणानं बोलता येत नाही. म्हटलं, रस्ता केव्हाच नीट झाला, मग बस काय मुहूर्त बघत बसलीय? म्हाताऱ्यांनी रांगत चढायचं का? आणखीही बरंच बोलले. सुनेनं त्याचं जपानी केलं ते दोन वाक्यांत संपलं. सगळ्यांनी हसून माना डोलावल्या. साहेबानं मला वाकून नमस्कार केला.

घरी आल्यावर विचारलं, “काय सांगितलंस गं त्यांना?”

“म्हटलं, आईंना इथली बस फार आवडते. वरपर्यंत आली तर आणखी आनंद होईल.”

“आवडते?”

“आई, इथे असं तोंडावर बोलत नाहीत. कचरा टाकायला गेलं की रोज ह्याच बायका भेटतात मला.”

“मग त्यांना विचार, सासऱ्यांना वर कोण उचलून आणणार?”

“आई, पुरे,” मुलगा म्हणाला. पुरे तर पुरे.

बस आली नाही. बर्फ आला, आणि हे उतारावर बसले.

हे दवाखान्यातून घरी आले, त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुसरी सभा होती. मी जाणार नव्हते. सूनच कोट घालून दारात उभी राहिली. “चला. आज तुम्ही बोलाल ते सगळं सांगते.”

“शिव्या दिल्या तर?”

“त्याही सांगेन. पण जपानीत शिव्या फारशा नाहीत हो, आई.”

मी सांगितलं. हे कुठे बसले, ओठ कसे झाले, मी कशी पडले. सून सांगत गेली आणि सांगता सांगता रडायला लागली. साहेब कमरेतून वाकला तो वर येईचना. मागच्या बाईनं माझ्या हातात रुमाल दिला.

“हे काय चाललंय गं?”

“आई, त्यांना वाटतंय बाबा गेले.”

“गेले? सांग त्यांना, घरी बसलेत, चहात साखर नाही म्हणून सकाळपासून कुरकुरतायत. आणि विचार, कुणी मेल्याशिवाय बस येत नाही का तुमची?”

मला वाटलं, आता ही गाळणार. सुनेनं डोळे पुसले आणि सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. साहेबाचे कान लाल झाले.

तेवढ्यात शेजारणीनं हात वर केला. जेमतेम खांद्याइतका. ती काय म्हणाली ते सुनेनं मला हळूच सांगितलं: “मलाही त्रास होतो. बस बंद झाली तेव्हापासून होतो.” एवढं बोलून ती घाईनं खाली बसली. मग फावडेवाल्यानं हात वर केला. मग दुसऱ्या कुणी, मग तिसऱ्या.

साहेब म्हणाला, विचार करू. असलं मी आपल्याकडेही पुष्कळ ऐकलेलं, म्हणून विश्वास ठेवला नाही. पण बर्फ वितळल्यावर एक लहानशी बस वर यायला लागली. रोज नाही, आठवड्यातले काही दिवस, तीही सकाळचीच. मी अजून प्रत्येक सभेला जाते आणि विचारते, बाकीच्या दिवशी आम्ही तरणे होतो का? सून ते जसंच्या तसं सांगते.

त्या दिवशी उतारावर आम्ही तिघं होतो, तिघंही सत्तरीच्या पुढचे, त्या बर्फात कुणीही गेलं असतं. हे वाचले. शेजारीण वाचली. मी वाचले.