बिनटाक्याचं ठिगळ

शिंपीमास्तरांचा जगात एका दोऱ्याशिवाय कशावरच विश्वास नव्हता. रस्त्यात कुणाचं बटण लोंबताना दिसलं, तर परक्या माणसालाही थांबवून ते खिशातली सुई काढायचे. अशा माणसाच्या गळ्यात शेजाऱ्याने घर सोडताना हवा भरायची रबरी होडी मारली. आता ती धड असती तर त्याने दिली कशाला असती?

पण मास्तरांना ती हवीच होती. तळ्याच्या पलीकडच्या काठावर त्यांची मेहुणी राहायची. तळ्यातून ये-जा करणारी लाँच बंद पडल्यापासून दोघी बहिणी रोज संध्याकाळी आपापल्या काठावरून टॉवेल हलवून एकमेकींची खुशाली घ्यायच्या. रस्ता अख्ख्या तळ्याला वळसा घालून जायचा आणि मास्तरीणबाईंना बस लागायची. अलीकडे मेहुणीची नजर अधू झाली होती. इकडून टॉवेल हलायचा, तिकडून काहीच नाही. मग बाई घरी येऊन गप्प भांडी घासत बसायच्या. त्यांच्या बोलण्याची मास्तरांना सवय होती, पण हे गप्प बसणं त्यांना सोसेना.

मास्तर कामाला लागले. होडी फुगवून साबणाचं पाणी फासलं आणि बुडबुडे आले तिथे कापड बेतायच्या खडूने खूण केली. हवा काढली, पॉलिश पेपरने घासलं, पंक्चर काढायचं सोल्युशन लावलं, ठिगळ दाबून बसवलं आणि वर वजन म्हणून इस्त्री ठेवली, अर्थात गार. काम फक्कड झालं. दुसऱ्या दिवशी पाण्यात सोडली, तर होडीने काठावरच मान टाकली.

पुन्हा केलं, पुन्हा तेच. मास्तरांनी सोल्युशन विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी बाईंनीच चष्मा चढवला आणि ठिगळावर फेस ओतला. चारी कडांनी बुडबुडे ओळीने उभे राहिले, अगदी सारख्या अंतरावर.

"अहो, तुम्ही याला टाके घातलेत?"

मास्तर इस्त्रीकडे बघायला लागले. "नुसत्या चिकटवण्याच्या भरवशावर तुला पाण्यात नेऊ होय? मनाला पटेना. कडेने बारीक धावदोरा घातला."

"कपाळ माझं! भोक बुजवायला भोकं पाडलीत?"

टाके बाईंनी स्वतः उसवले. मास्तरांनी सगळी भोकं झाकेल एवढं मोठं ठिगळ कापलं, कोपरे गोल केले आणि चिकटवलं. तेवढ्यात बाईंनी सुयांचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. खिशातली सुईही काढून घेतली.

रविवारी होडी निघाली. मास्तर वल्हवत होते आणि डोळे मात्र ठिगळावरून हलत नव्हते. बाई पलीकडच्या काठाकडे बघत होत्या.

"बुडालो तर गं?"

"पोहता येतं ना तुम्हाला?"

"मला येतं. तुला कुठे येतं?"

"मग नीट वल्हवा."

मेहुणी पाण्यालगतच्या पायरीवर बसली होती. वल्ह्यांचा आवाज ऐकून तिने विचारलं, "कोण आहे?" सवयीने बाईंचा हात हलवायला वर गेला, मग खाली आला आणि बहिणीच्या हातात गेला. दोघी रडल्या, इतके दिवस का आली नाहीस म्हणून भांडल्या आणि पुन्हा रडल्या.

मग मेहुणीने कौतुकाने होडीवरून हात फिरवला. तिचा जन्म मास्तरांनी शिवलेल्या कपड्यांत गेला होता. ठिगळाच्या कडेवर तिची बोटं थांबली.

"भावोजी, अहो, इथे टाका घालायचा राहिला की!"

बाई हसून हसून पायरीवरच बसल्या. मास्तरांचा हात खिशाकडे गेला, खिसा रिकामा.

"राहू दे तसंच," ते म्हणाले. "दर रविवारी यायचंय आम्हाला."