ढोलीवरचा पंजा

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून घरी आले ती कामाचा चंग बांधूनच. आई आषाढात गेली, ऐन धानाच्या रोवणीत. तेव्हापासून बाबा एकटे होते आणि घराकडे बघवत नव्हतं. धान ठेवायची बांबूची ढोली, माणसाहून उंच, बाहेरून शेणमातीनं लिंपलेली, तीही जागोजाग तडकली होती. नवा धान यायच्या आत ढोली लिंपलीच पाहिजे, हा आईचा नियम. मी ओढणी कमरेला बांधली आणि एका दुपारीत ती लिंपून काढली, अगदी आईनं शिकवलं होतं तशी. आधी जुन्या थरावर भरपूर पाणी मारायचं, तो मऊ झाला की नवी माती चढवायची, म्हणजे दोन्ही एकजीव होतात. शेवटी तिच्यासारखाच ओल्या मातीवर उजव्या हाताचा पंजा उमटवला. रिकाम्या ढोलीवर घरच्या बाईनं हात ठेवला की ती भरते, असं ती म्हणायची.

बाबा शेतातून आले आणि ढोलीसमोर थांबले.

“हे काऊन केलं?”

“आई करायची ना दरवर्षी.”

“तिचा हात होता तिथं.”

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. आईची करंगळी विळ्यानं अर्धी गेली होती, त्यामुळे तिचा पंजा साडेचार बोटांचा उमटायचा. मागच्या दिवाळीतला तो पंजा ढोलीवर तसाच होता आणि बाबा रोज त्याच्याकडे तोंड करून जेवायला बसत. जुना पंजा लिंपूनच आई दरवर्षी नवा मारायची; बाबांचं हे मला कुठून माहीत असणार? मी नागपुरात. भिंतीवर आईचा फोटो होता, पण तो आधार कार्डावरून मोठा केलेला, त्यात ती दुसरीच कोणी बाई वाटायची. खरी होती ती ढोलीवर, आणि तिच्यावर मी पाच बोटांचा धडधाकट पंजा मारून ठेवला होता. मला स्वतःची इतकी चीड आली की त्या दिवशी जेवण गेलं नाही.

चार दिवस बाबा कामापुरतंच बोलले. गोंदियाच्या पलीकडे दरेकसा गावाच्या बाजूला जीवाश्मांचं छोटं संग्रहालय आहे असं ऐकलं होतं. त्यांचं मन जरा दुसरीकडे लागेल म्हणून मी त्यांना घेऊन निघाले. आमच्या सौंदडहून रेल्वेनं गोंदिया, तिथं गाडी बदलून पुढं. वाटेत ते खिडकीबाहेर कापणीला आलेला धान बघत राहिले.

संग्रहालय म्हणजे दोन खोल्या. काचेच्या पेट्यांवर धूळ, चिठ्ठ्यांवरची शाई उडालेली, आणि आम्ही दोघं सोडून बघायला कोणी नाही. दगड झालेलं लाकूड, दगड झालेली शिंपली. बाबा हात मागे बांधून पेट्यांवरून नजर फिरवत चालले होते. दुसऱ्या खोलीत जमिनीवर एक फरशीएवढा दगड ठेवला होता आणि त्यात कुठल्याशा जनावराच्या पायाचा ठसा होता. बाबा तिथं उकिडवे बसले.

“बाबूजी, हाथ मत लगाओ,” तिथला राखणदार म्हणाला. मग गिऱ्हाईक मिळालं म्हणून खुशीत येऊन सांगू लागला, “चिखलात पाय पडला, चिखल सुकला. त्याच्यावर दुसरा गाळ बसला. वरचा थर निघाला का खालचा पाय जसाच्या तसा.”

“वरचा थर निघते?” बाबांनी विचारलं.

“निघते ना. पण खालचा सुका पाहिजे. गिला राहिला तर दोनी एक होऊन जाते.”

बाबा तिथून उठेनात. राखणदारानं दिवा बंद केला तेव्हा उठले.

परतीच्या गाडीत, सालेकसा मागे पडल्यावर, ते आपणहून बोलले. “माती लावायच्या पहिले तू पाणी मारलं होतं का, बाई?”

त्यांच्या तोंडाकडे बघवेना. आई गेल्यापासून त्यांनी काही मागितलं नव्हतं, आणि आता माझ्याकडून एका शब्दाची वाट बघत होते.

“नाही,” मी म्हणाले. “कोरड्यावरच लावली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुरपं घेऊन ढोलीपुढे बसले. आधी माझ्या पंजाच्या कडेनं टोकरलं, नंतर नखानं. वरचा थर वेगळा निघाला असता तर पापुद्रा सुटला असता. पापुद्रा सुटत नव्हता, ढेकळं पडत होती. मी चुलीपाशी उभी राहून ऐकत होते. थांबा म्हणायची हिंमत झाली नाही. तासाभरानं पिवळा बांबू उघडा पडला आणि त्याच्या विणीत अडकलेले गेल्या वर्षीच्या धानाचे चार दाणे जमिनीवर पडले.

बाबांनी ते वेचून मुठीत धरले. पडलेलं एक ढेकूळ उचलून त्याची कड बघितली. नवी माती कुठं संपते आणि जुनी कुठं सुरू होते, काहीच दिसत नव्हतं.

“तुह्या मायनं शिकवलं तशीच लावली तू,” ते म्हणाले. “पक्की धरली.”