केसपेपरच्या खिडकीवरच्या मावशी

टीवायला, म्हणजे शेवटच्या वर्षी, सरांनी बजावलं होतं, प्रोजेक्ट खऱ्या माणसांसाठी करा, नेटवरून उतरवलेला चालणार नाही. मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात बीएस्सी आयटी करत होते. वर्गात कुणी काकांचं दुकान धरलं, कुणी मामांचा क्लास. माझे वडील अंबरनाथला कारखान्यात फिटर, आई घरी. आमच्याकडे असं धरण्यासारखं कुणी नव्हतं.

मग आईला समोरच्या मावशी आठवल्या. बदलापूरला आमच्या समोरच्याच दारात त्या एकट्या राहायच्या. यजमान लवकर गेलेले, मुलगा लग्न करून नाशिकला. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये एक बाळंतपणाचा दवाखाना होता, तिथे केसपेपरच्या खिडकीवर त्या कितीतरी वर्षं काम करत होत्या. तिथले केसपेपर कॉम्प्युटरवर घ्यायचा प्रोग्रॅम मला करू द्यावा, म्हणून त्यांनी डॉक्टर मॅडमकडे शब्द टाकला. मॅडम सिंधी. म्हणाल्या, "करने दो, बच्ची का भला होगा."

दुपारी पेशंट कमी झाले की मी मावशींशेजारी स्टुलावर बसायचे आणि त्या मला त्यांचं काम समजावून सांगायच्या.

"हे बघ, नंबर विसरलेली बाई रोज एक तरी येते. तिला नंबर विचारून काय उपयोग? तिला विचारायचं, आधीचं बाळ कुठल्या सणाला झालं. गणपतीच्या आसपास म्हणाली की हा गठ्ठा."

बारवी धरणाकडच्या पाड्यांवरून आलेल्या बायकांशी त्या त्यांच्या बोलीत बोलायच्या, सिंधी बायकांशी मोडक्या सिंधीत. इंजेक्शनची ॲलर्जी असली तर केसपेपरला लाल दोरा. काही केसपेपरांचा वरचा कोपरा दुमडलेला असायचा. मी विचारलं, हे काय?

"हिचं आधीचं बाळ राहिलं नाही," मावशी हळूच म्हणाल्या. "खिडकीत उभ्या उभ्या कुणी विचारू नये, म्हणून. ह्याचं काय करशील तू कॉम्प्युटरात?"

"शेरा म्हणून टाकू, मावशी," मी म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. पण सबमिशनची तारीख जवळ आली तेव्हा शेऱ्याचा रकाना करायचा राहून गेला. उलट 'आधीच्या मुलाचं वय' हा रकाना मी सक्तीचा ठेवला. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही. सरांना ते आवडलं होतं.

व्हायवा छान झाला. ब्लॅक बुकमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या बांधलेल्या अहवालात, आभाराचं पान असतं, ते मी एका सिनियरच्या पुस्तकातून जसंच्या तसं उचललं. त्यात प्राचार्य होते, सर होते, मॅडम होत्या. मावशी नव्हत्या. तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही.

मॅडमनी प्रोग्रॅम दवाखान्यात सुरू करायचं ठरवलं. मला केवढा आनंद झाला. मी जुने केसपेपर भरून दिले, मावशींना शिकवायला बसले. इंग्रजीतली नावं त्यांना जमेनात. एकच आडनाव कुणी एक ए लावून सांगायचं, कुणी दोन. एक अक्षर चुकलं की समोर काही यायचं नाही, आणि मावशी माझ्याकडे बघायच्या.

"मला रविवारी घरी शिकवशील?" त्यांनी विचारलं. "सावकाश गं. इथे लोक उभे असतात, घाईत चुकतं."

मी हो म्हणाले. दोन रविवार शिकवलं. तिसऱ्या रविवारी माझा ठाण्याला इंटरव्ह्यूचा क्लास होता. पुढच्या रविवारीही काहीतरी निघालं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

महिन्याभरात मॅडमनी खिडकीवर एक नवी मुलगी बसवली, कोर्स केलेली. मावशींना आत वॉर्डात पाठवलं, चादरी मोजायला. मी एकदा काही दुरुस्तीसाठी गेले होते तेव्हा खिडकीत पोट आलेली एक बाई उभी होती. नव्या मुलीने मोठ्याने विचारलं, "पहला बच्चा कितने साल का है?" बाई खिडकीपासून जरा मागे सरली. "अरे, बताना पडेगा, आगे नहीं जा रहा." तिच्या मागे रांग होती. बाईने पदर तोंडाला लावला.

मावशी वॉर्डाच्या दारातून आल्या, बाईच्या पाठीवर हात ठेवून तिला बाकावर घेऊन गेल्या. नव्या मुलीला म्हणाल्या, "शून्य टाक." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते मुद्दाम होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही.

पुढच्या आठवड्यात ठाण्यातल्या एका कंपनीत इंटरव्ह्यू झाला. सपोर्टची जागा होती. त्यांनी विचारलं, "प्रोजेक्ट कुठे वापरात आहे का?" मी म्हणाले, "हो सर, दवाखान्यात चालू आहे." "किती माणसांचं काम वाचलं?" मी म्हणाले, "एकाचं." त्यांनी लिहून घेतलं. नोकरी मिळाली.

पेढे द्यायला गेले तेव्हा मावशी सामान बांधत होत्या. चादरी मोजायचं काम त्यांनी सोडलं होतं. "मुलगा बोलावतोय कधीपासून," म्हणाल्या. पेढा तोंडात टाकला, माझ्या गालावरून हात फिरवला. "मॅडमशी मी बोलू का?" असं मी विचारलं खरं, पण त्या नको म्हणतील हे मला माहीत होतं. त्या नको म्हणाल्या आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज मात्र आता, इतक्या दिवसांनी वाटते.

वर्षभराने एका सुट्टीच्या दिवशी मी घरी बसून प्रोग्रॅममधला तो सक्तीचा रकाना काढला, शेऱ्याचा घातला, नावं मराठीतून शोधायची सोय केली. सगळं मिळून एका दुपारचं काम होतं. दवाखान्यात फोन लावला तर ती मुलगी म्हणाली, "वो तो कब का बंद हुआ, दीदी. मॅडम ने रेडीमेड लिया."

मग मी नाशिकला फोन केला. मावशींना सांगितलं, माझा प्रोग्रॅम तिथे आता चालत नाही.

"हो का?" त्या म्हणाल्या. "तुझी नोकरी आहे ना नीट?"

"आहे."

"मग झालं तर. बाळा, ठेवू का? नातवाला शाळेतून आणायचंय."

माफी मागायची म्हणून मी फोन लावला होता. तेवढंच बोलायचं राहिलं, आणि त्यानंतर मी फोन केलेला नाही.